मामाच्या भट्टीचं तेल

परवा माझ्या नणंदेची नात घरी आली होती. ती कॉलेजात वनस्पतींच्या सुगंधी तेलांवर काहीतरी काम करते. चहा घेता घेता सांगू लागली, "आजी, आपल्या भागातलं रोशा गवत माहीत आहे ना तुला? त्याच्या तेलात भरपूर अँटिऑक्सिडंट गुण आहेत म्हणे. काचेच्या बशीत कॅन्सरच्या पेशी वाढवतात, त्यांच्यावर असलं तेल टाकलं की पेशी मरतात."

"मरत असतील," मी म्हटलं. "पण कोणाच्या छातीला लाव म्हणून सांगू नकोस."

"छे गं आजी! बशीतली गोष्ट वेगळी, माणसाची वेगळी. माणसावर अजून सिद्ध कुठे झालंय?"

एवढं बोलून तिने बिस्कीट चहात बुडवलं. मी कपबशी उचलायचं निमित्त करून आत गेले आणि मोरीपाशी कप विसळत राहिले. आमच्या घरात त्या वर्षी हे एक वाक्य बोलणारं कोणी असतं तर! पण आमच्या घरात बोलायचा तो मामा. बाकीचे ऐकायचे.

मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ. घाटाच्या अंगाला, डोंगरात, त्याची रोशाच्या तेलाची भट्टी होती. नवा महाराष्ट्र होऊन फार वर्षं झाली नव्हती तेव्हा. डोंगरउतारावर रोशा कंबरेएवढा वाढायचा आणि दसऱ्याच्या सुमारास त्याच्या तुऱ्यांवर तांबूस छटा आली की कापणी सुरू व्हायची. नाल्याच्या काठी मोठमोठ्या लोखंडी देगा दगडांवर बसवलेल्या. त्यांत गवत दाबून भरायचं, पाणी घालायचं, झाकण चिखलाने लिंपायचं आणि खाली जाळ. झाकणातून निघालेली बांबूची नळी नाल्याच्या गार पाण्यात ठेवलेल्या भांड्यात जायची. त्या भांड्यात पाण्यावर तेलाचा पिवळसर थर जमायचा. मामा तो थर पळीने असा हलक्या हाताने काढायचा की पाण्याचा थेंब येत नसे. मोसमात त्याच्या अंगाला, कपड्यांना, त्याने दिलेल्या पेढ्यांनासुद्धा गुलाबासारखा वास यायचा. लहानपणी मला वाटायचं, मामा या जातीलाच तो वास असतो.

हे तेल मलकापूरला जायचं आणि तिथून रेल्वेने मुंबईला. तिथे ते साबणात पडायचं, अत्तरात पडायचं. मामा हसत सांगायचा, "बडे लोक गुलाबाचं म्हणून लावतात, अन् असते आपल्या डोंगरातलं गवत!" आम्ही सगळे हसायचो. तेव्हा फसणारे ते होते ना.

गावोगावची माणसंही मामाकडे बाटल्या घेऊन यायची. गुडघे धरले, कंबर आखडली, नायटा झाला की रोशाचं तेल. त्याने आराम पडायचा, हे खोटं नाही. पण त्या तेलाचं खरं नाव झालं ते एका बैलामुळे. मामाच्याच बैलाच्या खांद्यावर जुवामुळे गाठ आली होती, चांगली कवठाएवढी. मामाने तिच्यावर रोज तेल चोळलं आणि बैलाला गोठ्यात बांधून ठेवलं. पोळ्यापर्यंत गाठ बसली. बैल मिरवला, तेव्हा सगळ्या गावाने त्याच्या खांद्यावरून हात फिरवून पाहिला. तेव्हापासून मामाचं तेल 'गाठ विरघळवतं' असं झालं. खांद्यावरचं जू उतरवलं म्हणून गाठ बसली, हे कोणाच्याही डोक्यात आलं नाही. शेती करणारी माणसं, जन्म बैलांत गेलेला, त्यांच्या डोक्यात यायला हवं होतं. पण मामाने सांगितलं तेल, म्हणून तेल.

आम्ही अमडापूरला राहायचो. बाबा शाळेत मास्तर होते. वर्गात त्यांचा मोठा दरारा, घरात मात्र त्यांचा आवाज भिंतीला ऐकू जात नसे. मी तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची होते, घरात एकुलती एक. त्या उन्हाळ्यात पापड लाटताना आईने एकदा लाटणं खाली ठेवलं आणि पदराआडून छाती दाबून पाहिली. "इथं काही तरी लागते," म्हणाली. मला हात लावायला सांगितला. डाव्या बाजूला, काखेकडे, कच्च्या बोरासारखं काहीतरी होतं. दुखत नव्हतं. दुखत नाही म्हणजे काही नाही, असं आम्ही दोघींनी ठरवलं आणि उरलेले पापड लाटले.

तरी तिने लपवलं नाही. हे मला मोठ्याने सांगायचं आहे. त्याच आठवड्यात तिने बाबांना सांगितलं आणि पावसाळा लागताना बाबा तिला बुलढाण्याच्या दवाखान्यात घेऊन गेले. मीही बरोबर होते. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि बाबांना बाहेर येऊन सांगितलं, "मुंबईला कॅन्सरच्या दवाखान्यात न्या. गाठ काढावी लागेल. आत्ता लहान आहे, उशीर करू नका." बाबा हो हो म्हणत राहिले. एसटीत परत येताना त्यांनी खिडकीबाहेरच पाहिलं.

मुंबई म्हणजे बाबांना धडकीच होती. कुठे उतरायचं, कुठे राहायचं, कोणाला विचारायचं. त्यांनी मामाला निरोप धाडला. मामा आला, ओसरीवर मांडी घालून बसला, सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"चाकू लागला की गाठ पसरते, मास्तर. म्या पाह्यलं हाये. जानेफळच्या एका बाईची कापली, चार महिन्यांत गेली बिचारी. काही मुंबई-फिंबई नाही. मी तेल देतो."

"पण डॉक्टरीण म्हणे..." आई म्हणाली.

"बाई, तुले माह्यावर भरवसा हाये का नाही?"

आईने लगेच मान डोलावली. तिचे आईवडील ती लहान असताना गेले. मामानेच तिला वाढवलं, लग्न लावून दिलं, दर दिवाळीला साडी आणली. त्याच्यावर भरवसा नाही म्हणायचं म्हणजे तिला स्वतःचं बालपणच खोटं म्हणण्यासारखं होतं. आणि बाबांचा चेहरा तर मी विसरणार नाही. परीक्षा रद्द झालेल्या पोरासारखा त्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मला तेव्हाच त्यांचा राग आला होता.

मग श्रावणापासून आमच्या घरात तोच गुलाबाचा वास भरून राहिला. मामाने गेल्या मोसमातलं राखून ठेवलेलं तेल दिलं होतं. ते तिळाच्या तेलात मिसळायचं, सकाळ-संध्याकाळ गाठीवर चोळायचं आणि वर एरंडाचं पान गरम करून बांधायचं. चोळायचं काम माझं. आठवड्याभरात कातडी लाल झाली, मग सोलवटली. आई दात आवळून बसायची. मामा आला की विचारायचा, "आग होते का?"

"लय होते रे दादा."

"मंग लागू पडून राह्यलं समज. आतली गाठ जळते ती."

गाठ वाढत होती. माझ्या बोटांना कळत होतं. बोराचं लिंबू झालं. मी तसं म्हटलं तर मामा म्हणाला, "विरघळायच्या आधी फुगते, पोरी. बैलाची नव्हती का फुगली?" आणि आई मलाच म्हणाली, "तू चूप बस. मामाले जास्त समजते का तुले?" मी पुन्हा तेल चोळायला लागले.

भाद्रपदात मामा मुंबईला गेला. तेलाच्या व्यापाऱ्याकडे काम आहे, म्हणाला. नेहमी आठवड्यात परतणारा माणूस यंदा घटस्थापना आली तरी येईना. आई रोज देवापुढे उभी राहून त्याच्यासाठी काहीबाही पुटपुटायची, स्वतःच्या गाठीसाठी कधी पुटपुटली नसेल एवढं. दसऱ्याला तो आला तो पार उतरलेला. गालफडं बसलेली, डावा हात जपून हलवायचा. "हिवतापानं धरलं बाप्पा मुंबईत," म्हणाला. आईने त्याच्यासाठी मेथीचे लाडू करून पाठवले. छातीला पान बांधलेल्या अवस्थेत ती ते लाडू वळत बसली होती.

मग दिवाळी आली. आमच्याकडे भाऊबीजेला भाऊ बहिणीच्या घरी जातो आणि बहीण त्याला तेल-उटणं लावून आंघोळ घालते, मग ओवाळते. बाप्या कितीही मोठा असो, केस पांढरे होवोत, त्या दिवशी तो बहिणीपुढे पाटावर उघड्या अंगाने बसतो. आईला सबंध वर्षातला हा दिवस सगळ्यांत प्यारा. तिने मागच्या अंगणात पाट मांडला, भोवती रांगोळी काढली, घंगाळात कढत पाणी काढलं.

मामा आला तो आंघोळ करूनच.

"म्या घरीच उरकलं, बाई. थंडी लय हाये. तू नुसतं ओवाळून घे."

"असं कसं? वरसाचा एक दिवस, अन् मी तुले कोरडा ओवाळू?"

"तुह्या हाताले तरास होईन."

"माह्या हाताले काही नाही झालं. बस पाटावर."

मामा बसला, पण अंगात बंडी तशीच. आई हसायला लागली. कितीतरी दिवसांनी हसली होती. "आता पाठच्या बहिणीची लाज वाटते का रे दादा? काढ ते." तो नाही नाही म्हणत होता आणि तिने लहान पोराची काढावी तशी त्याची बंडी वर ओढून काढली.

मी तांब्या घेऊन बाजूला उभी होते. आईने तळहातावर तेल घेतलं, त्याच्या डोक्याला लावलं, मानेला लावलं, पाठीवर चोळत चोळत हात डाव्या काखेखाली नेला. तिथे तिचा हात थांबला. काखेपासून पाठीकडे एक लांब, ताजा, गुलाबी व्रण होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी गोधडीला घातल्यासारख्या टाक्यांच्या खुणा.

"हे काय होय, दादा?"

"काही नाही. गळू झालतं."

"गळवाले टाके पडतात?"

मामा समोरच्या भिंतीकडे पाहत बसला. आई हात तिथेच ठेवून उभी राहिली. मग त्याला सांगावंच लागलं. काखेत गाठ आली होती. ज्या व्यापाऱ्याकडे तेल जायचं त्याने दवाखाना दाखवला. लहान होती, काढून टाकली.

"कधी?"

"भादव्यात. मुंबईले गेलो होतो ना."

"मंग तू काऊन नाही लावलं तेल?"

असं विचारताना तिचा आवाज चढला नाही. ती खरंच विचारत होती. तिला उत्तर हवं होतं, काहीतरी असं की ज्याने सगळं पुन्हा जागेवर बसेल. मामा म्हणाला, "माही गाठ निराळी होती, बाई." आणि मग आवाज खाली आणून म्हणाला, "हे गावात कोणाले बोलू नको. आत्ता भट्टी लागली हाये. भट्टीवाल्यानंच चाकू लावून घेतला असं लोकायले समजलं, तर माह्यं तेल कोण घेईन?"

त्याच्या तोंडून तिच्या गाठीविषयी एक शब्द आला नाही. कातडी सोललेली बहीण मागे उभी आणि याला भट्टीची काळजी! माझ्या हातातला तांब्या त्याच्या डोक्यात घालावा असं वाटलं मला. आजही वाटतं. परक्याने फसवलं तर माणूस चार शिव्या देतो आणि मोकळा होतो. इथे जिच्या पाठीवर त्याने लहानपणापासून हात ठेवला, तिलाच त्याने दुखण्याच्या तोंडी दिलं होतं. आणि स्वतः मात्र वेळेवर गाडी पकडली होती.

आईने काय केलं? तिने उटणं लावलं. व्रणाच्या जागी जपून लावलं. पाणी घातलं, पंच्याने अंग पुसलं, आत नेऊन ओवाळलं, तोंडात करंजीचा तुकडा घातला. मामाने ताटात साडी ठेवली. तिने ती डोक्याला लावून बाजूला ठेवली आणि दारात उभ्या असलेल्या बाबांकडे पाहून म्हणाली, "मले मुंबईले न्या."

बाबांनी दारातून मागच्या अंगणातलं सगळं ऐकलं होतं. ते मामाला एक शब्द बोलले नाहीत. उलट त्यालाच म्हणाले, "तुम्हीच चला बरोबर. तुम्हाला दवाखाना माहीत आहे." आमच्या घराचं सगळं त्या एका वाक्यात आलं.

मलकापूरहून आम्ही चौघं गाडीत बसलो. मामाने जागा धरली, चहा आणला, आईच्या डोक्याखाली आपली घोंगडी दिली. इतकी सेवा केली की पाहणाऱ्याला हेवा वाटावा. दवाखान्यातही तो भराभरा पुढे चालत होता. कुठे रांग लावायची, कुठल्या दारात थांबायचं, सगळं त्याला ठाऊक. ज्या वाटेने तिला आषाढात न्यायला हवं होतं ती वाट तो आम्हाला दाखवत होता.

तपासणी झाली. पडद्याबाहेर आलेल्या वयस्क डॉक्टरांनी हात धुतले, वळले आणि मामाला पाहून थबकले.

"तुम्ही? तुमचं ऑपरेशन मीच केलं ना? हात वर जातो का आता?"

"जातो साहेब."

"या कोण?"

"बहीण हाये माही."

डॉक्टर जरा रागावून म्हणाले, "अहो, तुम्ही स्वतः लहान गाठ घेऊन आलात म्हणून वाचलात. हिची आता काखेत उतरली आहे, वर कातडी सगळी भाजलेली. काय लावत होतात हिला? आणि तुम्हाला माहीत असताना हिला तेव्हाच का नाही आणलंत?"

मी मामाच्या तोंडाकडे पाहिलं. आता बोलणार. आता तरी बोलेल. तेवढ्यात पडद्याआडून आई पदर सावरत बाहेर आली आणि म्हणाली, "त्यायले काही माहीत नव्हतं, साहेब. मीच सांगतलं नाही कोणाले. लाज वाटे. मीच घरी कायबाय लावत होती."

मी म्हणाले, "आई!" तिने माझं मनगट असं धरलं की बांगडी रुतली.

डॉक्टरांनी मामाकडे पाहिलं. मामाने खाली पाहत मान हलवली. "हाव साहेब. तिनं सांगतलंच नाही."

मग डॉक्टर आईवर रागावले. तुम्ही बायका लपवता, अंगावर काढता आणि मग आमच्याकडे येता, असं खूप बोलले. तिने सगळं निमूट ऐकून घेतलं. बाबा छताकडे पाहत होते.

काही दिवस मोठ्या यंत्राने किरणांचे शेक दिले, मग घरी पाठवलं. परतीच्या गाडीत मामा आणि बाबा दारापाशी गेले तेव्हा मी आईला विचारलं, "काऊन खोटं बोलली तू?" मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त तिचाच राग येत होता.

ती बाहेर पाहत होती. म्हणाली, "मी चालली, पोरी. तुह्या बापाच्यानं तुह्यं लग्न होत नाही. मामाच करन. त्याले आता तोंडघशी पाडलं तर तो तुह्या दारात उभा राहीन का?"

मला विचारलं होतं का कोणी? मला असला सौदा नको होता. मामाने तिला फसवलं, बाबांनी तिला एकटं सोडलं, आणि तिने जाता जाता माझ्याच नावावर मामाला सोडवून टाकलं. मी कोणावर चिडायचं, याचीसुद्धा तिने सोय ठेवली नाही. वसंतपंचमीनंतर ती गेली.

गावात पसरली ती आईने दवाखान्यात सांगितलेलीच गोष्ट. मास्तरणीने दुखणं लपवलं. बायका एकमेकींना सांगत, असं लाजू नका गं, तिच्यासारखं होईल. मला पाहिलं की आवाज कमी करत. मामाची भट्टी पुढे कितीतरी वर्षं चालली.

आणि आईचा हिशेब चुकला नाही. माझं लग्न मामानेच लावलं. मांडव, जेवण, आहेर, कशात म्हणून कमी नाही. रीतीप्रमाणे त्यानेच मला हाताला धरून बोहल्यावर आणलं आणि मंगलाष्टकं चालू असताना तो माझ्या पाठीशी उभा राहिला. समोर अंतरपाट होता. शेवटच्या मंगलाष्टकाच्या आधी त्याने मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला, वाकून कानाशी आला आणि म्हणाला, "पोरी, तुह्या मायनं वेळेवर सांगतलं असतं मले, तर आज ती इथं उभी असती."

मी वळून पाहिलं. त्याचे डोळे खरोखर भरले होते.